फरशीचा भाव सगळे विचारतात, फरशीखालचं कोण बघतं?

घराच्या कामात पैसा आधी पायात जातो, मग भिंतीत, मग स्लॅबमध्ये. फरशी येते शेवटी, आणि तोवर खिसा रिकामा झालेला असतो. घरकुलवाल्यांचं तर विचारूच नका. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागाला मूळ मदत १ लाख २० हजार रुपये, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. म्हणजे २६९ चौरस फूट, मिस्त्रीच्या भाषेत पावणेतीन ब्रासच्या आतलं काम. एवढ्याशा कामात सुद्धा माणूस फसतो, कारण तो एकच प्रश्न विचारतो: "फूट कितीला?"

दुकानदार दगडाचा फूट सांगतो, मिस्त्री मजुरीचा फूट सांगतो. त्या दोन्हीत भरावाचा हिशोब नसतो, खालच्या मालाचा नसतो, पॉलिशचा बहुतेक वेळा नसतो. आणि फरशी खराब होते ती नेमकी याच गोष्टींमुळं. दगड क्वचितच खराब निघतो. दोन पावसाळ्यांनंतर फरशी बसली, हलायला लागली, पांढरी पडली, तर दोष खालच्या कामाचा असतो आणि शिव्या दगडाला बसतात.

आपल्याकडं शहाबादीच का?

सोलापूर जिल्ह्यात जुन्या वाड्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत शहाबादी फरशी दिसते. कारण साधं आहे. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. तो लाव्हारसाचा दगड. फोडला तर ठोकळे निघतात, पातळ फरशी निघत नाही. पाया, भिंत, जातं, पाटा-वरवंटा याला तो भारी, जमिनीला नाही. अक्कलकोट, दुधनी ओलांडून कलबुर्गीच्या पुढं गेलं की हा काळा पाषाण संपतो आणि भीमा खोऱ्यातला चुनखडीचा दगड सुरू होतो. तो समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला. वहीची पानं सुटावीत तसे त्याचे थर सुटतात. पहारीनं आणि पाचरीनं सुद्धा सरळ लादी निघते, म्हणून यंत्रं नव्हती तेव्हाही तो स्वस्तात मिळायचा. रेल्वे १८७१ साली रायचूरपर्यंत पोचली, शहाबाद त्याच मार्गावर. दगड आपल्या दारात यायला आणखी काय पाहिजे?

तेलंगणातल्या तांडूरची निळी आणि पिवळी फरशी ही शहाबादीचीच भावकी, त्याच खोऱ्यातली. कडप्पा आंध्रातला, काळा, किचनच्या ओट्याला आणि कपाटाच्या फळ्यांना चालतो. कोटा राजस्थानातला, रामगंज मंडीकडचा, हिरवट-निळसर. हे चारही दगड चुनखडीच्या जातीचे आहेत, हे ध्यानात ठेवा, पुढं त्याचं काम पडणार आहे. ग्रॅनाइट वेगळा, तो आगीतून झालेला दगड, कडक आणि महाग.

आता गावागावात व्हिट्रिफाइड टाइल्स आल्यात. चकचकीत दिसतात, पॉलिशची कटकट नाही, दोन दिवसांत काम होतं. मी त्यांच्या विरोधात नाही. पण जिथं ज्वारीची पोती ओढायची, लोखंडी खाट सरकवायची, कुदळ-फावडं टेकवायचं, तिथं टाइलचा टवका उडाला की ती गेली. शहाबादीवर ओरखडा पडला तर पडला. शिवाय उन्हाळ्यात दुपारी उघड्या जमिनीवर आडवं व्हायला दगडासारखं सुख नाही.

काळी माती आणि भराव

खरं काम इथं आहे, म्हणून जरा सविस्तर.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मार्च-एप्रिलमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. तीच माती जोत्यात भरली तर तिथं ती वेगळी वागणार आहे का? पण होतं काय, पायाचे चर खणले की काळ्या मातीचे ढीग बाजूला पडलेले असतात. ते फुकट असतात. मुरमाच्या ट्रॉलीला पैसे पडतात. मग चर खणलेली मातीच आत ढकलली जाते, वर थोडा मुरूम पसरून लेव्हल केली जाते, आणि वरून बघणाऱ्याला सगळं लाल दिसतं. दोन वर्षांनी खोलीच्या मधोमध फरशी बशीसारखी खाली जाते नाहीतर भिंतीकडेला फट दिसते.

भराव मुरमाचाच घ्यायचा. तोही एकदम तीन फूट ओतून वरून धुमस मारायची नाही. सहा ते आठ इंचाचा एक थर, त्यावर पाणी, त्यावर चोपणी, मग पुढचा थर. धुमसाचा जोर वरच्या अर्ध्या-पाऊण फुटापर्यंतच पोचतो, खालचं ढिलंच राहतं. ते ढिलं पुढं आपल्या वजनानं हळूहळू दबतं आणि फरशी त्याच्याबरोबर जाते. घाई नसेल तर भराव भरून एक पावसाळा जाऊ द्यावा, असं जुने गवंडी म्हणायचे. आता एवढा दम कोणाला आहे? निदान थराथरानं पाणी मारून चोपून घ्या आणि चोपताना स्वतः उभे राहा.

मुरमावर कोबा, म्हणजे पीसीसी, तीन-चार इंच. काही जण हा वाचवतात आणि मुरमावर थेट फरशी टाकतात. गोठ्यात किंवा अंगणात चालेल. राहत्या घरात नको.

बेड, घोळ आणि पोकळ आवाज

टाइल एकसारख्या जाडीची असते. दगड तसा नसतो. एका कोपऱ्यात पाऊण इंच, दुसऱ्या कोपऱ्यात सव्वा इंच असं निघतंच. म्हणून दगडाखाली सिमेंट-वाळूच्या मालाचा जाड बेड लागतो, जाडीतला फरक तो पोटात घेतो. बांधकाम खात्याच्या चालीत १ भाग सिमेंट, ४ भाग वाळू आणि सरासरी २० मिलिमीटर जाडी धरतात.

चांगला मिस्त्री कसा ओळखावा? तो फरशी दोनदा ठेवतो. आधी बेडवर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकतो, लेव्हल बघतो, मग तीच फरशी उचलतो. खाली माल कुठं टेकला, कुठं खड्डा राहिला ते दिसतं. खड्ड्यात माल भरतो, वर सिमेंटचा मधासारखा घोळ ओततो आणि मग फरशी कायमची बसवतो. याला वेळ जातो. फुटावर काम घेतलेला घाईचा मिस्त्री उचलत नाही, एकदाच ठेवतो आणि पुढं सरकतो. वरून दोन्ही कामं सारखीच दिसतात.

ओळखायची खूण एकच: काम झाल्यावर तीन-चार दिवसांनी एक रुपयाचं नाणं किंवा लाकडाचा तुकडा घेऊन प्रत्येक फरशीचे चारही कोपरे आणि मध्य वाजवून बघा. भरीव असेल तर दबका आवाज येतो, पोकळ असेल तर मडक्यासारखा. पोकळ फरशीच्या कोपऱ्यावर खाटेचा पाय आला की ती फुटते. हे पॉलिशच्या आधी करायचं. पॉलिशनंतर फरशी उचलली तर नव्या फरशीची लेव्हल आणि चमक जुळवताना पुन्हा मशीन लावावं लागतं.

आता सिमेंटचा हिशोब, कारण चोरी इथंच होते. घोळाला एका चौरस मीटरला साधारण ४.४ किलो सिमेंट धरतात. एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, ४१ किलो झालं. २० मिलिमीटर बेडला १:४ च्या मालात साधारण ७० किलो. दोन्ही मिळून ११० किलो, सव्वादोन पोती. प्रत्यक्षात कोबा खालीवर असतो आणि बेड दीड इंचावर जातो, मग मालातच पावणेतीन पोती लागतात. तुमच्याकडं ब्रासला एकच पोतं लागलं असेल तर खूश होऊ नका, माल कसला गेलाय ते विचारा. उलट बेड दोन-अडीच इंच जाड होत असेल तर कोबा नीट केलेला नाही, आणि त्याची भरपाई तुम्ही सिमेंटनं करताय.

वाळू आणि पाणी हे दुसरं दुखणं. खाऱ्या विहिरीच्या पाण्यात माल कालवला किंवा खारवट ओढ्याची वाळू वापरली की काही महिन्यांत सांध्यातून पांढरा भुगा फुटतो. जमिनीतली ओल वर येताना क्षार बरोबर आणते, पाणी उडून जातं, क्षार वर राहतो. पुसला तरी परत येतो. ज्या पाण्यावर तुमची तूर पिवळी पडते, ते पाणी फरशीला पण नको.

लेव्हलसाठी अजूनही पारदर्शक नळीतलं पाणी सगळ्यात भरवशाचं. नळीत बुडबुडा राहिला तर लेव्हल चुकते, एवढंच बघायचं. घरभर एकाच उंचीवर भिंतीला खुणा करून घ्या, आणि चौकटी बसवायच्या आधीच बेड अधिक फरशी मिळून किती उंची होणार ते ठरवा. नाहीतर शेवटी दरवाजे खालून तासत बसावं लागतं. मोरीत आणि नहाणीत ढाळ फुटाला पाव इंच धरा, ओसरीला त्याच्या निम्मा पुरतो. काम सुरू होताना जाळीच्या तोंडाशी तांब्याभर पाणी ओतून दाखवायला सांगा.

फरशी बसल्यावर सात दिवस पाणी मारायचं. वर वर्दळ नको. आपल्याकडं तिसऱ्या दिवशी त्याच खोलीत सोयाबीनची पोती रचलेली असतात.

मोझॅक: विसरलेलं काम

जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळा, सहकारी बँका, दवाखाने, एसटी स्टँड इथली ठिपक्याठिपक्यांची जमीन आठवते ना? ती मोझॅक, शहरातले आर्किटेक्ट हल्ली टेराझो म्हणतात. मूळ कल्पना इटलीतल्या व्हेनिसकडची. संगमरवराच्या कामातले उरलेले तुकडे चुन्यात बसवून घासायचे, टाकाऊ माल कामी आणायचा. आपल्याकडं सिमेंटची फरशी बनवायचे कारखाने आले तेव्हा हे काम पसरलं. मुंबईत सिधवांची भारत टाइल्स १९२२ पासूनची.

मोझॅक दोन प्रकारची. एक तयार फरशी, २०, २५ किंवा ३० सेंटिमीटरची, कारखान्यात दाबून केलेली. वरचा पाच-सहा मिलिमीटरचा थर संगमरवरी खडीचा, खाली साधं सिमेंट-वाळू. दुसरी जागेवर ओतलेली, आणि कसब या दुसऱ्या प्रकारात. कोब्यावर आधी काचेच्या नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या लावून चौकोन पाडतात. लोकांना वाटतं पट्टी शोभेसाठी. सिमेंट सुकताना आक्रसतं, त्याला चीर पडणारच. चौकोन लहान असला, एक बाजू दोन मीटरच्या आत, तर चीर पट्टीच्या रेषेतच विरते आणि दिसत नाही. मग सिमेंट तीन भाग आणि संगमरवराची भुकटी एक भाग वजनानं घेऊन त्यात रंग आणि खडी मिसळतात. एका खोलीचा कोरडा मसाला एकदम मिसळून ठेवावा लागतो. निम्मा आज निम्मा उद्या केला की रंगात फरक पडतो, तो पुढं कशानंही जात नाही.

ओतून रूळ फिरवून दाबल्यावर जमीन करडी, मातकट दिसते. खडी कुठं दिसतच नाही. मालकाचा जीव खालीवर होतो. सात दिवसांनी मशीन लागतं तेव्हा खडी उघडी पडते. आधी ६० नंबरचा खरखरीत दगड, मग १२०, मग ३२०. प्रत्येक घासाईनंतर बारीक छिद्रं त्याच रंगाच्या सिमेंट घोळानं भरायची, तो घोळ वाळू द्यायचा, मगच पुढचा नंबर. शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर लावून चमक आणतात. शहाबादी-कोट्याचं पॉलिश याच चालीनं होतं. पॉलिशवाला १२० नंतर थेट पावडर मारून निघून गेला तर चमक दोन महिने टिकते. नंबर मोजून घ्या. आणि पायऱ्या, ओसरी, मोरी इथं आरशासारखं पॉलिश करूच नका. घरात म्हातारी माणसं आहेत, ओला पाय आहे.

मोझॅकला वेळ, पाणी आणि हात लागतात, म्हणून टाइलनं तिला मारलं. पण जी आहे ती मोडू नका. कितीतरी शाळांत मळकटलेली मोझॅक दिसली की त्यावर टाइल टाकायचं अंदाजपत्रक होतं. खडीचा थर शिल्लक असेल तर त्याच जमिनीवर पुन्हा मशीन फिरवून ती नवी होते. सरपंचांनी एकदा दोन्हीचे दर शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

अ‍ॅसिड

वर म्हटलं होतं की शहाबादी, तांडूर, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचे. मोझॅकमधली संगमरवरी खडीही त्याच स्वभावाची. चुनखडीला आंबट चालत नाही. लिंबाचा थेंब, चिंचेचं पाणी, ताक सांडून राहिलं तर चमक जाते, खडबडीत डाग राहतो. आणि आपल्याकडं काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला संडास धुवायचं अ‍ॅसिड ओततात! पांढरा फेस येतो, मालकाला वाटतं मळ निघतोय. तो मळ नाही, तुमचा दगड आहे. सिमेंटचे डाग ओले असतानाच फडक्यानं पुसायचे, राहिलेले मशीनखाली जातात.

मापाचा खेळ

फरशी बावीस बाय बावीस इंचाची असेल तर एक नग ३.३६ चौरस फुटांचा. बिलात ती दोन बाय दोन धरली तर ४ फूट. शंभर नगांमागं ३३६ फूट माल आणि ४०० फुटांचे पैसे. समजा फूट ४० रुपये असेल तर २,५६० रुपये मापातच गेले. गाडी रिकामी होताना टेप घेऊन पाच-सहा नग मोजा. तुटफूट ५ ते १० टक्के धरून माल मागवा, आणि सगळा एकाच खेपेत. पुढच्या खेपेचा दगड दुसऱ्या थरातला असतो, रंग लागत नाही.

मिस्त्रीशी बोलताना फूट कितीला एवढ्यावर थांबू नका. कडेची पट्टी वेगळी की त्यातच, पायरी नगावर की फुटावर, पॉलिश किती नंबरपर्यंत, फरशी वर चढवायची हमाली कोणाची, पोकळ निघाली तर बदलून कोण देणार, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करा. दहा टक्के पैसे पॉलिश होऊन जमीन वाजवून बघेपर्यंत मागं ठेवा. पण कामाचे पैसे मात्र आठवड्याला द्या. मिस्त्रीला तंगवून चांगलं काम होत नाही, तो दुसरीकडं उचल घेतो आणि तुमचं काम बिगाऱ्यावर सोडून जातो.

पॉलिशचा चिखल शेतात किंवा विहिरीच्या ओढ्यात सोडू नका. तो सिमेंट आणि दगडाचा बारीक पीठ आहे, वाळला की जमिनीवर पापडी धरतो, पाणी मुरत नाही. खड्डा करून त्यात साठवा.

धूळ

फरशीच्या कामावर गेलात तर कटरच्या पांढऱ्या ढगात बसलेला पोरगा दिसेल, तोंडाला गमछा. त्या धुळीत सिलिका असते. चुनखडीत कमी, ग्रॅनाइटमध्ये पुष्कळ, आणि ओट्यासाठी नवीन निघालेल्या कारखान्यातल्या क्वार्ट्झ दगडात तर ९० टक्क्यांच्या वरही. ऑस्ट्रेलियानं असला कृत्रिम दगड १ जुलै २०२४ पासून बंदच केला. ही धूळ इतकी बारीक की गमछ्यातून सरळ जाते, फुप्फुसात बसते आणि तिथं व्रण होतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. बहुतेकांना त्रास दहा-पंधरा वर्षांनी सुरू होतो. खोकला, दम, वजन उतरणं. म्हणून टीबी समजून औषधं चालतात. टीबी खरोखरही होऊ शकतो, कारण अशा फुप्फुसाला तो लवकर धरतो. पण सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. दगडाच्या खाणींच्या राजस्थाननं २०१९ मध्ये यासाठी वेगळं धोरण केलं, तपासणी करून रुग्णाला मदत देतात.

पाणी सोडून कापलं तर धूळ जागीच बसते. मग कोरडं का कापतात? कारण हातातलं मशीन विजेचं, बोर्डाला अर्थिंग नाही, ओल्यात करंटची भीती. भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे गळतीला लगेच बंद पडणारा ब्रेकर, ईएलसीबी किंवा आरसीसीबी, आणि धड अर्थिंग. तो ब्रेकर घराला पुढंही लागणारच असतो, मालकानं फरशीच्या आधीच बसवून घ्यावा. कापायचं काम घरात नको, बाहेर, वारा पाठीमागून येईल असं बसून. एन-९५ मास्क द्या, गमछा पुरत नाही. ज्या दिवशी कापाकापी आहे त्या दिवशी घरातली लेकरं तिथं खेळायला नकोत.

आणि मिस्त्री, बिगारी, पॉलिशवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: वय १८ ते ६० असेल आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. फरशीकाम त्यात येतं. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून मिळतो, गावात ग्रामपंचायतीकडूनही. नोंदणीचं नूतनीकरण वेळच्या वेळी करा. आणि दवाखान्यात खोकल्यासाठी गेलात तर डॉक्टरांना न विचारताच सांगा की मी इतकी वर्षं दगड कापतो. एक्स-रे बघताना त्यांना ते माहीत असणं फार उपयोगी पडतं.